जी५वरचा घोडा

वाशीतल्या एका शाळेच्या सभागृहात माझा अकरा वर्षांचा भाचा तिसऱ्या फेरीत दहा चालींत हरला. बुद्धिबळाची रॅपिड, म्हणजे कमी वेळाच्या डावांची, स्पर्धा होती. मी बाहेरच्या व्हरांड्यात इतर पालकांबरोबर बसले होते आणि चहाचा कप नुकताच हातात आला होता, तोवर हा दारात उभा. आत शेजारच्या पटांवर अजून कुणाचा किल्लेकोटही (राजाला हत्तीच्या आड नेणारी चाल) झाला नसेल. तो रडला नाही. एवढंच म्हणाला, "मावशी, त्याचं सगळं पाठ होतं. माझं नव्हतं."

हे वाक्य मी ठाण्यातल्या आमच्या रविवारच्या बुद्धिबळ वर्गातल्या मुलांकडून बरेचदा ऐकते, त्यांच्या आईवडिलांकडून तर जास्तच. ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या चाली) म्हणजे पाढे, ज्याचे पाठ तो जिंकला, अशी समजूत घट्ट बसली आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. डावाच्या सुरुवातीला दोन खेळाडू एकच सौदा करत असतात: एकाला प्यादं मिळतं, दुसऱ्याला वेळ मिळतो. हा सौदा कळला की चाली आठवतात, आणि नाही आठवल्या तरी शोधता येतात. भाचा ज्या ओपनिंगमध्ये हरला त्यात हा सौदा इतका उघडा दिसतो की ते समजून घेण्यासारखं दुसरं उदाहरण मला सापडलेलं नाही. म्हणून परतीच्या ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये मी पिशवीतून चुंबकाचा छोटा पट काढला. सानपाडा यायच्या आत आम्ही पहिल्या तीन चाली मांडल्या होत्या.

पटावर घरं ओळखण्याची पद्धत आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना अडखळायला होणार नाही. पांढऱ्याच्या डाव्या हाताकडून उजवीकडे आठ उभ्या पट्ट्या: ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच. पांढऱ्याकडून काळ्याकडे आठ आडव्या ओळी: १ ते ८. पांढरा राजा ई१वर, काळा राजा ई८वर. पांढऱ्याची प्यादी दुसऱ्या ओळीत, काळ्याची सातव्या ओळीत. किमतीचा ढोबळ हिशोब असा: प्यादं १, घोडा ३, उंट ३, हत्ती ५, वजीर ९. बस, एवढ्यावर भागतं.

पहिली चाल: पांढऱ्याचं राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे, ई४. काळ्याचंही तसंच, ई५. दुसरी: पांढरा घोडा एफ३वर येऊन ई५च्या प्याद्यावर डोळा ठेवतो, काळा घोडा सी६वर येऊन ते राखतो. तिसरी: पांढरा उंट सी४वर. इथून त्याचा तिरका रस्ता सरळ एफ७च्या घरापर्यंत जातो. काळा दुसरा घोडा एफ६वर काढतो आणि उलट ई४च्या प्याद्यावर हल्ला करतो. काळ्याचे दोन्ही घोडे बाहेर आले, म्हणून या ओपनिंगचं नाव दोन घोड्यांचा बचाव.

आता एफ७कडे नीट पाहा. डावाच्या सुरुवातीला काळ्याच्या छावणीतलं हे एकच प्यादं असं आहे की ज्याला राजाशिवाय कुणाचा आधार नाही. डी७च्या प्याद्याला वजीर, उंट, घोडा, राजा असे चार राखणदार. एच७ला हत्ती आहे, जी७ला उंट आहे. एफ७ला एकटा राजा, आणि राजा हा राखणदार म्हणून फार बेभरवशाचा, कारण दुसऱ्याचा जोर असलेलं मोहरं त्याला मारताच येत नाही. पांढऱ्याच्या बाजूला हीच गत एफ२ची. बुद्धिबळातले बहुतेक झटपट मात या दोन घरांवरून जातात, चार चालींतला शाळकरी मातसुद्धा.

इथे एक आठवण येते. नौपाड्यात आमचे आजोबा जुन्या देशी नियमांनी खेळत. त्यांच्या खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं. मी शाळेतून नवे नियम शिकून आले तेव्हा ते म्हणाले होते, "तुमच्यात फारच लवकर मारामारी सुरू होते." अगदी खरं होतं ते. दोन घरांच्या त्या उडीमुळे दोन्हीकडची प्यादी पहिल्या चालीतच मधोमध समोरासमोर येतात, आणि चौथ्या चालीला एफ७वर धाड पडते.

ती धाड अशी. चौथ्या चालीला पांढरा एफ३चा घोडा जी५वर नेतो. आता एफ७वर दोघांचा नेम: सी४चा उंट आणि जी५चा घोडा. राखायला एकटा राजा. पुढच्या चालीला घोड्यानं एफ७चं प्यादं मारलं, तर तिथून तो एकाच वेळी डी८चा वजीर आणि एच८चा हत्ती दोघांनाही धरतो. याला आम्ही दुहेरी हल्ला म्हणतो. राजानं तो घोडा मारावा म्हटलं तर उंट जोर लावून बसला आहे.

या चालीवर गेली शंभराहून जास्त वर्षं भांडण चालू आहे. जर्मन ग्रँडमास्टर सिगबर्ट टाराश, जे पेशानं डॉक्टर होते, या चालीला नवशिक्याची चाल म्हणायचे. त्यांचा आक्षेप समजण्यासारखा आहे. सुरुवातीला प्रत्येक चालीत नवं मोहरं बाहेर काढावं, एकच मोहरं पुन्हा पुन्हा हलवू नये, हा नियम आपण मुलांना पहिल्या महिन्यात शिकवतो. इथे पांढरा बाकीची सेना घरात झोपलेली असताना एकाच घोड्यावर दुसरी चाल खर्च करतो. पण पहिला जगज्जेता विल्हेल्म स्टाइनिट्झ या चालीच्या बाजूनं होता, आणि पुढे बॉबी फिशरही ती खेळला. त्यांचं म्हणणं सोपं होतं: नियम तुमच्याजवळ ठेवा, प्यादं मला द्या.

काळ्यानं काय करायचं? एफ७ला नवा राखणदार मिळत नाही, म्हणून उंटाचा रस्ताच अडवायचा. डी७चं प्यादं डी५वर. पांढरं ई४चं प्यादं ते मारतं आणि डी५वर येऊन बसतं. पाच चाली झाल्या.

आता जगातला प्रत्येक शहाणा मुलगा जे करील तेच माझ्या भाच्यानं केलं. एफ६च्या घोड्यानं डी५चं प्यादं परत मारलं. हिशोब बरोबर, घोडा पटाच्या मधोमध, दिसायला सगळं ठीक. आणि इथेच आभाळ कोसळतं. पांढरा घोडा एफ७वर झेप घेऊन स्वतःचा जीव देतो. वजीर आणि हत्ती दोघांवर हल्ला असल्यानं राजाला तो मारावाच लागतो. लगेच पांढरा वजीर एफ३वर येतो आणि शह देतो. हा वजीर एफ पट्टीवरून राजाकडे बघतोय, तिरका डी५च्या घोड्याकडेही बघतोय. त्या घोड्यावर सी४च्या उंटाचाही नेम आहेच.

या हल्ल्याला इटालियनमध्ये फेगातेल्लो म्हणतात. अर्थ कलेजीचा तुकडा. इंग्रजीत त्याचं तळलेली कलेजी झालं. सोळाव्या शतकाच्या अखेरीला इटलीत जुलिओ चेझारे पोलेरिओ नावाचा खेळाडू होऊन गेला, त्याच्या नावावरच्या जुन्या डावांत हा हल्ला सापडतो. म्हणजे वाशीच्या सभागृहात माझ्या भाच्यावर जे कोसळलं ते चारशे वर्षांपूर्वी कुणावर तरी कोसळून झालं होतं.

भाच्यानं राजा घाईघाईनं जी८वर परत नेला. कुणालाही घर सुरक्षित वाटतं. पण मग सी४च्या उंटानं डी५चा घोडा मारून शह दिला. काळ्या वजिरानं उंट मारला, पांढऱ्या वजिरानं वजीर मारला, पुन्हा शह. मध्ये घालायला काळ्याकडे फक्त ई६वर उंट. पांढऱ्या वजिरानं तोही मारला आणि मात. राजाच्या एका बाजूला स्वतःचा उंट, दुसऱ्या बाजूला स्वतःचा हत्ती, पुढे स्वतःचीच प्यादी. दहा चाली.

"मग राजा कुठे न्यायचा होता?" त्यानं विचारलं. तुर्भे मागे पडलं होतं.

उत्तर ऐकून त्याला धक्का बसला: पुढे. ई६वर, पटाच्या मध्यभागी, वजीर आणि उंट यांच्या तोंडासमोर. कारण घोडा हातातून जाऊ द्यायचा नसेल, तर त्याला जोर देणारा राजा जवळ हवा. पांढरा दुसरा घोडा सी३वर आणतो. आता डी५च्या घोड्यावर तिघांचा हल्ला: उंट, वजीर, घोडा. राखायला दोघे: राजा आणि डी८चा वजीर. म्हणून काळ्याचा सी६चा घोडा बी४वर किंवा ई७वर जाऊन तिसरा राखणदार होतो. हिशोब जुळला. काळ्याकडे एक घोडा जास्त आहे आणि पांढऱ्याला त्याच्या बदल्यात एक प्यादं व उघड्यावर पडलेला राजा मिळाला आहे. टेबलाशी बसून, घड्याळ चालू असताना, ही बाजू सांभाळणं फार अवघड. एक चुकीची चाल आणि सगळं संपलं. पांढऱ्याला मात्र दोनतीन चुका खपतात. मी मुलांना काळ्याकडून हा रस्ता धरू नका असंच सांगते.

मग पाचव्या चालीला प्यादं मारायचंच नाही? नाही मारायचं. इथे खरी गंमत सुरू होते, आणि माझ्या मते बुद्धिबळ ज्याला म्हणतात तेही इथेच सुरू होतं.

काळा सी६चा घोडा पटाच्या काठावर ए५वर नेतो. काठावरचा घोडा वाईट, असं आपण शिकवतो. पण इथे त्यानं सी४च्या उंटावर हल्ला केला आहे. उंटाला हलावं लागणार. उंट बी५वर जाऊन शह देतो. काळा सी६वर प्यादं घालतो. पांढरं डी५चं प्यादं ते मारतं, काळ्याचं बी७चं प्यादं परत मारतं आणि पुन्हा उंटावर हल्ला करतं. उंट ई२वर मागे. काळा एच६ करतो, म्हणजे प्यादं तिथे नेतो, आणि जी५च्या घोड्याला हाकलतो. घोडा एफ३वर मागे. काळा ई४ करतो, घोड्याला पुन्हा हाकलतो. घोडा ई५वर. पांढऱ्याच्या दहा चाली झाल्या.

कोपरखैरणे आणि घणसोलीच्या मध्ये मी भाच्याला एवढंच काम दिलं: पांढऱ्याच्या दहा चाली कुणी कुणी केल्या ते मोज. त्यानं बोटांवर मोजलं. घोड्यानं चार: एफ३, जी५, एफ३, ई५. उंटानं तीन: सी४, बी५, ई२. प्याद्यानं तीन: ई४वर आलं, डी५वर मारलं, सी६वर मारलं आणि तिथेच मेलं. चार, तीन आणि तीन. दहाच्या दहा चाली तिघांनीच केल्या. वजीर, दोन्ही हत्ती, दुसरा उंट, दुसरा घोडा, बाकीची सात प्यादी: कुणी जागचं हललेलं नाही.

काळ्याकडे एक प्यादं कमी आहे. त्याच्या बदल्यात त्याला काय मिळालं? दोन्ही उंटांचे रस्ते मोकळे. बी पट्टी उघडी, म्हणजे हत्तीला रस्ता. ई४वर बसलेलं प्यादं पांढऱ्याच्या घशात अडकलेलं. आणि आता चाल त्याची. जवळजवळ प्रत्येक चालीत त्यानं समोरच्याला धमकावून आपलं काम केलं. समोरचा पळण्यात चाल घालवतो तेव्हा आपल्याला एक चाल फुकट मिळते. याला खेळाडू टेम्पो म्हणतात. शब्द इटालियन आहे, अर्थ साधा आहे: वेळ.

इथे एक गोष्ट फार काळजीनं सांगावीशी वाटते, कारण मुलं इथेच फसतात. ही मिळालेली वेळ सकाळच्या मासळीसारखी असते. बाजारात सकाळी आठला तिला जो भाव आहे तो दुपारी बाराला नसतो. प्यादं मात्र धान्यासारखं. संध्याकाळीही ते प्यादंच असतं, शेवटपर्यंत टिकतं, कधीकधी आठव्या ओळीवर जाऊन वजीर होतं. म्हणून प्यादं देऊन वेळ घेणाऱ्यानं ती वेळ लगेच खर्ची घालायची. शांतपणे बसला, मोहऱ्यांची अदलाबदल करत राहिला, तर वीस चालींनी पांढऱ्याची सेना बाहेर येते आणि काळ्याच्या हातात फक्त कमी पडलेलं प्यादं उरतं. स्टाइनिट्झचा सगळा भरवसा यावर होता. नवव्या चालीला तो घोडा एफ३ऐवजी एच३वर, दुसऱ्या काठावर न्यायचा. दिसायला कुरूप, पण ई४च्या धक्क्यातून सुटका. १८९०-९१मध्ये रशियाच्या मिखाईल चिगोरिनशी तारेनं झालेल्या दोन डावांच्या सामन्यात तो हेच खेळला आणि हरला. तरी त्यानंतर सत्तरेक वर्षांनी, १९६३मध्ये, फिशरनं आर्थर बिसगायरविरुद्ध तीच चाल काढली आणि डाव जिंकला. चाल मेली असं कुणी म्हटलं की ती अशी परत येते.

सौदा तोच. प्रश्न फक्त हा की वेळ किती, आणि ती वापरता येते का.

या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सगळ्यात सुंदर उत्तर एका पोस्टानं खेळलेल्या डावात आहे. पाचवी जागतिक पत्रव्यवहार अजिंक्यपद स्पर्धा, १९६५ ते १९६८. एका बाजूला मॉस्कोचे याकोव एस्ट्रिन. दोन घोड्यांच्या बचावाचा त्यांच्याइतका अभ्यास केलेला माणूस तेव्हा शोधून सापडला नसता. पुढे ते स्वतः या प्रकारचे जगज्जेते झाले. दुसऱ्या बाजूला अमेरिकेचे हान्स बर्लिनर, १९२९ साली बर्लिनमध्ये जन्मलेले, आठव्या वर्षी आईवडिलांबरोबर अमेरिकेत गेलेले. बर्लिनर पुढे संगणकशास्त्रात गेले. त्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमनं १९७९मध्ये बॅकगॅमन या खेळात जगज्जेत्याला हरवलं.

पोस्टाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत भाषेची अडचण नको म्हणून चाली नुसत्या आकड्यांत लिहितात. उभ्या पट्ट्यांना १ ते ८ आकडे, ओळींना १ ते ८. राजासमोरचं प्यादं ई२वरून ई४वर गेलं की कार्डावर लिहायचं ५२५४. रशियन माणसाला आणि अमेरिकन माणसाला त्यात काही समजावून सांगावं लागत नाही. भाच्याला हे इतकं आवडलं की ऐरोलीपर्यंत तो माझ्याशी आकड्यांतच बोलत होता.

पांढरे एस्ट्रिन. पहिल्या चार चाली आपल्याच: घोडा जी५वर. चौथीला बर्लिनर डी५, एस्ट्रिन मारतात. पाचवीला बर्लिनर घोडा काठावर नेत नाहीत. ते बी७चं प्यादं बी५वर टाकतात, उंटाच्या तोंडात. एस्ट्रिन ते मारत नाहीत. उंटानं ते मारलं असतं तर काळ्या वजिरानं डी५चं प्यादं मारून बी५चा उंट आणि जी२चं प्यादं या दोघांवर एकदम हल्ला केला असता. म्हणून एस्ट्रिन उंट गपचूप एफ१वर, जिथून निघाला होता तिथेच परत नेतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ही छपाईची चूक वाटली होती. ती चूक नाही, चांगली चाल आहे: जी२ राखली जाते. पण दोन चाली गेल्या आणि उंट घरी.

सहावी: काळा घोडा डी४वर. सातवी: पांढरा सी३ करून त्याला हटकतो. काळा त्याकडे लक्ष न देता दुसऱ्या घोड्यानं डी५चं प्यादं मारतो. घोडा एफ६वरून हलल्यामुळे आता वजिराचा तिरका रस्ता उघडला आणि जी५चा घोडा संकटात. आठवी: पांढरा घोडा ई४वर. इथवर जुनी वाट होती.

आणि मग बर्लिनरचं कार्ड: ४८८४. वजीर डी८वरून एच४वर. डी४चा घोडा अजून मारात आहे, त्याला कुणी वाचवलेलं नाही. ही तयारी बर्लिनर यांनी घरी करून ठेवली होती, आणि ती या ओपनिंगच्या सगळ्यात मोठ्या जाणकारावर वापरली.

एच४चा वजीर आडव्या ओळीत ई४च्या घोड्यावर हल्ला करतो. नववी: घोडा जी३वर. काळा उंट जी४वर, पांढऱ्या वजिरावर हल्ला. दहावी: पांढरा एफ३ करून रस्ता अडवतो आणि त्याच प्याद्यानं उंटावर हल्ला करतो. आता काळ्याची दोन मोहरी मारात आहेत, घोडा आणि उंट. बर्लिनर दोघांकडेही न बघता ई५चं प्यादं ई४वर ढकलतात. अकरावी: एस्ट्रिन घोडा मारतात. काळा दुसरा उंट डी६वर आणतो, आणि त्याचा नेम जी३वर. पाहा ना, काळ्याची प्रत्येक चाल काहीतरी धमकावत नवं मोहरं रणात आणतेय, आणि पांढरा मिळेल ते खात बसला आहे.

बारावीला पांढऱ्या उंटानं बी५चं प्यादं मारून शह दिला, काळा राजा डी८वर सरकला, एस्ट्रिननी किल्लेकोट केला. पुढच्या पाच चालींत एफ३वर आणि जी३वर कत्तल झाली. मी ती चालीचालीनं सांगत नाही, पटावर मांडून पाहा. अठराव्या चालीनंतर पट थांबवून बेरीज करा. पांढऱ्याकडे वजीर, एक हत्ती, दोन उंट, एक घोडा, पाच प्यादी: २८. काळ्याकडे वजीर, दोन हत्ती, एक घोडा, पाच प्यादी: २७. म्हणजे पांढरा पुढे आहे.

आणि आता नुसत्या आकड्यांऐवजी पटाकडे पाहा. पांढऱ्याचा हत्ती ए१वर. घोडा बी१वर. उंट सी१वर. वजीर डी१वर. चौघेही जिथे मांडले तिथेच. एस्ट्रिनसारख्या माणसानं अठरा चाली केल्या त्यातल्या नऊ त्याच एका घोड्यानं आणि त्याच एका उंटानं केल्या: घोड्यानं चार, उंटानं पाच. २८ ही बेरीज कागदावरची. लढाईत असलेल्यांची बेरीज केली तर चित्र उलटं होतं.

बर्लिनर यांनी बी८चा हत्ती बी६वर उचलला. तिथून तो एच६वर जाऊन कोपऱ्यातल्या राजाला शह देणार. मग एच आणि जी पट्टीवरची प्यादी एकामागून एक पुढे. चोविसाव्या चालीला एस्ट्रिनचा घोडा, जो तेविसाव्या चालीला पहिल्यांदा घरातून बाहेर पडला होता, सी४वर येऊन काळा वजीर आणि हत्ती दोघांवर चढला. बर्लिनर यांनी वजिरानं जी३चं प्यादं मारलं, हत्ती मारू दिला, आणि एच३वरचा उंट खाल्ला. वजिरावजिरी झाली आणि हत्ती-प्याद्यांचा शेवट उरला. त्यात काळ्याचं एकच प्यादं जास्त होतं. पांढऱ्याचा ए१चा हत्ती पहिल्यांदा हलला तो एकोणतिसाव्या चालीला.

त्या शेवटाबद्दल लिहायचं तर वेगळा लेख लागेल. काळा राजा ई७वरून निघून चालत चालत सी२पर्यंत गेला, एवढं सांगते. बेचाळिसाव्या चालीला डाव संपला. बर्लिनर यांनी स्पर्धेत सोळा डावांपैकी बारा जिंकले, चार बरोबरीत सोडवले, एकही हरले नाहीत, आणि जगज्जेते झाले.

बर्लिनर यांच्या मते यानं जी५च्या घोड्याचा निकाल लागला होता. तसं झालेलं नाही. संगणकांनी पांढऱ्यासाठी अनेक ठिकाणी सुधारणा शोधल्या आणि घोडा जी५वर आजही सर्रास खेळला जातो, मोठ्यांकडूनही. पण त्यामुळे या डावाची किंमत माझ्या लेखी कणभरही कमी होत नाही. प्यादं आणि वेळ यांचा सौदा इतका निर्धास्तपणे, घोडा आणि उंट दोन्ही मारात ठेवून, तोही समोर या विषयाचा उस्ताद बसलेला असताना, कुणी केल्याचं मी पाहिलेलं नाही.

ज्यांना ही सगळी भानगडच नको त्यांच्यासाठी एक साधा उपाय आहे. तिसऱ्या चालीला घोडा एफ६वर काढण्याऐवजी उंट सी५वर काढा. मग काळ्या वजिराचा डी८ ते जी५ रस्ता उघडा राहतो, आणि पांढरा घोडा जी५वर आला की वजीर त्याला सरळ मारतो. नऊ वर्षांखालच्या मुलांना मी सुरुवातीला हेच खेळायला देते. नंतर, मारामारीची भीती गेली की, दोन घोडे.

चेक धर्मगुरू कारेल ट्राक्सलर यांनी १८९०मध्ये एका डावात तिसराच मार्ग धरला होता: चौथ्या चालीला एफ७ राखायचंच नाही, उंट सी५वर काढून उलट एफ२वर हल्ला चढवायचा. तो मार्ग रोमांचक आहे, पण त्यात खरोखरच पुष्कळ पाठांतर लागतं. म्हणून तो मी शिकवत नाही.

ठाण्याला उतरलो तेव्हा अंधार पडला होता. भाच्याला घरी जायचं नव्हतं. मासुंदा तलावाच्या कठड्यापाशी दिव्याखाली बाक मिळाला, तिथे त्यानं बर्लिनरचा डाव पुन्हा पहिल्यापासून मांडला. न बघता. पाठ करायला मी सांगितलं नव्हतं. त्याला प्रत्येक चालीचं कारण माहीत होतं, म्हणून ती आठवत होती. तेराव्या चालीशी तो थांबला. काळ्या प्याद्यानं एफ३वर मारलं होतं आणि एस्ट्रिननी ते हत्तीनं परत मारलं होतं.

"मावशी, इथे त्यांनी मारलंच का? वजीर बी३वर आणला असता तर? तो बाहेर पण येतो, आणि डी५च्या घोड्यावर हल्ला पण होतो."

त्या वेळी त्याला माहीत नव्हतं की नंतरच्या विश्लेषकांनीही नेमकी हीच चाल सुचवली आहे. मीही सांगितलं नाही. मी काळ्याच्या बाजूला सरकून बसले आणि म्हटलं, "आण."